वाघाच्या दहा पावल्या

युसुफ शिकलगाराला शेरा मारल्याशिवाय घास गिळत नसे. भाकरी हातात आली की आधी उजेडाकडे धरायची, कुठे करपली, कुठे कच्ची राहिली ते बघायचं आणि मगच तुकडा मोडायचा. बायको बिल्किस म्हणायची, "खाताय का पास करताय?" त्यावर तो गालातल्या गालात हसायचा आणि सावकाश जेवायचा. स्वभावाने अगदी गरीब गाय, पण नजर अशी की नव्या कोऱ्या पातेल्याला पडलेला पोचा दुकानदाराच्या आधी त्याला दिसावा. अशा माणसाशी संसार करणं सोपं नसतं, हे बिल्किसनं शेजारणींना अनेकदा सांगितलेलं होतं.

ही नजर त्याला घरातूनच मिळाली. आजोबा आणि वडील दोघंही चाकणच्या बाजारात विळ्या-कोयत्यांना धार लावत. पण तेवढ्यावर वाढत्या घराचं पोट भरेना, म्हणून चौसष्ट साली युसुफ भोसरीला आला आणि अण्णासाहेबांच्या प्लेटिंगच्या कारखान्यात लागला. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, आत निकेलच्या पाण्याच्या चार टाक्या आणि कोपऱ्यात भीमराज कांबळेचं पॉलिशचं चाक. सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, कपाटांच्या मुठी भीमराजच्या चाकावर घासून निघायच्या, मग टाकीत लटकायच्या आणि निकेलचा मुलामा घेऊन बाहेर यायच्या. दोन वर्षांत अण्णासाहेबांनी युसुफची नजर हेरली आणि त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं. टेबलावर काळं कापड, डोक्यावर ट्यूबलाइट आणि बाजूला चार खोकी. ओके, शेरा, रिवर्क आणि रिजेक्ट. शेरा म्हणजे माल चालेल, पण खोट लिहून द्यायची. रिवर्क म्हणजे पुन्हा भीमराजच्या चाकावर. युसुफनं ज्या खोक्यात माल टाकला, तिथून तो कुणी हलवत नसे. अण्णासाहेबसुद्धा नाही.

नाण्यांचं खूळ लागलं तेही टाकीपाशीच. टाकीत पडलेला माल वर काढायला दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक असे. एकदा वाकताना युसुफच्या वरच्या खिशातली चिल्लर टाकीत पडली. चुंबक सोडलं, तर पाच-दहा पैसे तळाशीच बसून राहिले आणि एक जुनी पावली तेवढी चिकटून वर आली. पावली म्हणजे चार आण्यांचं जुनं नाणं, तेव्हा पंचवीस पैशांना चालायचं. एका अंगाला इंग्रजांचा राजा, दुसऱ्या अंगाला चालता वाघ, खाली सत्तेचाळीस साल. युसुफ बघतच राहिला. ज्या निकेलसाठी अण्णासाहेब परमिटांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होते, ते अस्सल निकेल आपण खिशात घेऊन बिड्या आणायला जातो! त्यानं पावली पुसली, ट्यूबखाली धरली आणि त्या दिवशी नळाच्या दोनशे तोट्या तपासायच्या राहून गेल्या.

आता प्लेटिंगच्या माणसाच्या हाती मळकं नाणं आलं तर तो काय करील? तेच त्यानं केलं. पावली घेऊन भीमराजकडे गेला. भीमराज म्हणाला, "आण हिकडं, आरसा करून देतो." आणि केला की आरसा! पावली अशी लखलखली की दोघांनी त्या आनंदात दोन-दोन कप चहा घेतला. पुढच्या रविवारी युसुफ रजा टाकून ती मिरवत पुण्याच्या जुन्या बाजारात घेऊन गेला. तिथं इकबालशेठ नावाचे म्हातारे गृहस्थ सतरंजीवर नाणी मांडून बसत. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"वाघ होता ना हा?" त्यांनी विचारलं. "कातडं कुणी सोललं ह्याचं?"

युसुफचा चेहरा पडला तसे ते जरा नरमले. "भाई, मळ धुता येतो. घासलेला धातू परत येत नाही. नाणं आपण बघायचं आणि दिसेल ते लिहायचं, बस्स." युसुफनं त्यांच्याकडून एक जुनं भिंग विकत घेतलं. त्या दिवसापासून नाण्यांच्या हिशेबातून रिवर्कचं खोकं कायमचं उडालं. ओके, शेरा आणि रिजेक्ट, एवढंच राहिलं.

मग कारखान्यात एक रीतच पडून गेली. महिन्याच्या सात तारखेला पगाराची पाकिटं मिळाली की कामगार थेट युसुफच्या टेबलापाशी येत आणि आपली चिल्लर काळ्या कापडावर ओतत. युसुफ वरून आपलं एक छोटं चुंबक फिरवी. चिकटेल ते निकेल. त्यातलं जुनं आणि धड ते भिंगाखाली बघून ठेवून घ्यायचं आणि तेवढेच पैसे आपल्या पाकिटातून मोजून द्यायचे. पगाराची रिकामी पाकिटंही तोच मागून घेई, अर्धी कापून एकेकात एकेक नाणं घाली. पाकिटाच्या एका बाजूला कामगाराचं नाव आणि हजेरी असायचीच, दुसऱ्या बाजूला युसुफ बारीक अक्षरात लिही, "वाघाची पावली, १९४७. राजाचा कान झिजला. कडेला एक टोचा. शेरा." पाकिटं ठेवायला अण्णासाहेबांनी मुलाम्यासाठी लागणाऱ्या निकेलच्या पट्ट्या ज्या पेट्यांतून येत त्यातली एक लाकडी पेटी देऊन टाकली होती. तिच्यावर हाताएवढ्या अक्षरांत 'निकेल' असं छापलेलं होतं. म्हणजे पुढे जे झालं, त्याची सगळी तयारी या साध्या माणसानं आपल्या हातांनी आणि आठ वर्षं खपून केली होती.

बिल्किसनं त्या पेटीकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. "लोक पैसा कमावतात खर्चायला," ती म्हणायची, "आमचे हे कमावतात बघायला."

आणि मग चिल्लरची टंचाई आली. चौऱ्याहत्तर साल असेल. बसचा कंडक्टर उरलेले पैसे तिकिटामागे लिहून द्यायचा, वाणी सुट्याऐवजी गोळ्या हातावर ठेवायचा. सुटी नाणी वितळवणं हा तर गुन्हा होताच, पण गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हाही गुन्हा ठरला होता. निकेलचे भाव चढलेले, त्यामुळे कुठे कुठे नाणी वितळवली जातात अशी आवई भोसरीभर होती. युसुफच्या कानावर हे सगळं येत होतं. पण आपल्याला ते लागू आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तो नाणी साठवत नव्हता. तो नाणी बघत होता. एवढा साधा फरक सगळ्यांना कळतच असेल, असं त्याला वाटायचं. बिचारा!

कारखान्यासमोर किसनची चहाची टपरी होती. एका सकाळी हवालदार सयाजीनं चहा घेऊन रुपया दिला तेव्हा किसन वैतागून म्हणाला, "सुटं कुठनं आणू, हवालदार? समदं निकेल त्या प्लेटिंगवाल्या युसुफभाईच्या पेटीत जातंय. चुंबक लावून गोळा करतोय गडी." किसनच्या मनात काही वाकडं नव्हतं. चहावाल्यानं चार शब्द बोलायचे असतात म्हणून तो बोलला. सयाजीनं मात्र चहा अर्धा टाकला.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. युसुफ घरी जमिनीवर पांढरं फडकं पसरून पाकिटं लावत बसला होता, तोच सयाजी आणि एक शिपाई दारात उभे राहिले. त्यांनी पेटीवरचं 'निकेल' वाचलं. फडक्यावरची नाणी बघितली. बाजूला पडलेलं चुंबक उचललं. सयाजीनं एकच विचारलं, "कुठल्या कारखान्यात असता?"

"प्लेटिंगच्या," युसुफ म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याची नजर पेटीवरच्या 'निकेल'कडे गेली.

बिल्किस आतून आली तेव्हा पेटी शिपायाच्या खांद्यावर चढलेली होती. चाळीतली माणसं दारादारांत येऊन उभी राहिली. पायात चपला सरकवताना युसुफला एकेक गोष्ट लख्ख दिसत गेली. शिक्षा झाली तर नोकरी गेली. नोकरीचं सोडा, अण्णासाहेबांच्या कारखान्यालाच कुलूप लागेल. आणि ज्यांनी भरवशानं चिल्लर ओतली त्या भीमराज, खंडू अशा कामगारांची नावं पाकिटापाकिटावर लिहिलेली आहेत. आजवर कुणाची काडी न उचललेला माणूस अख्ख्या शेडला घेऊन बुडायला निघाला होता.

चौकीत फौजदार टेमगिरे बसले होते. जाड भिवयांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पेटीतली पाकिटं एकेक करून वाचायला घेतली.

"भीमराज कांबळे, हजेरी सव्वीस. खंडू लांडगे, हजेरी चोवीस." त्यांनी मान वर केली. "टोळी बरीच मोठी दिसते."

"टोळी न्हाई साहेब," युसुफ म्हणाला, "ती पगाराची पाकिटं हायत. रिकामी."

एवढ्यात सायकल दामटत भीमराज येऊन पोचला. मित्राला वाचवायला आलेला माणूस घाईत काय बोलेल याचा नेम नसतो. दारातूनच तो म्हणाला, "साहेब, ह्यांचा काय गुन्हा न्हाई. निकेल आमीच देतो त्यांना. दर म्हैन्याला!"

"किती देता?"

"जमंल तेवढं. समदी शेड देती."

"वितळवायला?"

"वितळवायला कशापायी?" भीमराजला प्रश्नच कळला नाही. "बघायला देतो."

फौजदारांनी त्याला बाहेर बाकावर बसवलं. युसुफनं डोळे मिटून घेतले. भीमराजवर रागवावं एवढंही बळ त्याच्यात उरलेलं नव्हतं.

टेमगिरे साहेबांनी आता पाकिटांची दुसरी बाजू वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता त्यांचा वेग कमी झाला. "वाघाच्या पुढच्या पायावर बारीक टोचा. शेरा." दुसरं. "राजाच्या मानेवर तेलकट डाग. पुसला, गेला. ओके." तिसरं. "सात आकड्याची शेपटी झिजली. शेरा." ते बराच वेळ वाचत राहिले. शेवटी म्हणाले, "हे सगळं तुम्ही भिंग लावून लिहिलंत?"

"व्हय साहेब."

"पकडलं तर दाखवायला बरं म्हणून कुणीही असं लिहून ठेवील. ह्यात खरं काय ते मला कसं कळणार?"

यावरचा तोडगा साहेबांनीच काढला. त्यांनी सारख्या सालाच्या, सारख्या वाघाच्या दहा पावल्यांची पाकिटं निवडली. युसुफला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागे नाणी पाकिटांतून टेबलावर पडल्याचा आवाज झाला, मग ती हातानं कालवल्याचा. "या," साहेब म्हणाले. "हे तुमचं भिंग. ही दहा पाकिटं. ज्याचं नाणं त्याच्या पाकिटात घाला. सगळी बरोबर गेली तर मी तुमचं ऐकतो. नाहीतर कागद पुढे पाठवतो."

पहिली पावली युसुफच्या बोटांतून दोनदा निसटली. सयाजी पाठीशी उभा, साहेब समोर. पण भिंग डोळ्याला लागलं आणि टेबलाची सवय कामाला आली. हात आपोआप चालू लागला. पुढच्या पायावर टोचा, हे इथं. कान झिजलेला, हे तिथं. सातची शेपटी, कडेचा घाव, हनुवटीखालचा काळा ठिपका. एकेक पावली ओळखीच्या माणसासारखी समोर येत होती आणि आपल्या घरात जात होती. साहेब पाकीट उलटून वाचत, खणातून काढलेल्या दुसऱ्या भिंगातून बघत आणि बाजूला ठेवत. पाच झाली, सात झाली, नऊ झाली. युसुफच्या जिवात जीव येऊ लागला.

दहावी पावली उचलली आणि त्यानं ती पुन्हा एकदा भिंगाखाली धरली.

दहाव्या पाकिटावर लिहिलं होतं, "शेपटीखाली केसाएवढी आडवी रेघ. शेरा." आणि या पावलीला रेघच नव्हती. त्यानं ती उजेडाकडे वळवली, तिरकी धरली, उलटी केली. रेघ नाही. लिहिताना आपण चुकलो का? की भीतीनं डोळेच चालेनासे झाले? बाकी एकच पाकीट होतं आणि एकच नाणं. गपचूप आत सरकवलं असतं तर सगळं संपत होतं. एवढी बारीक रेघ आहे की नाही हे फौजदारांना भिंगातूनही कुठे कळणार? घाल, घाल, असं त्याचं मन ओरडत होतं. घरी बायको वाट बघते, बाहेर भीमराज बसलाय, घाल. त्यानं पाकिटाचं तोंड उघडलंसुद्धा. पण आयुष्यात त्यानं ओकेच्या खोक्यात रिजेक्ट माल टाकला नव्हता, की शेऱ्याच्या खोक्यात ओके. हात पुढे जाईचना.

"साहेब," तो म्हणाला. "ही माझी न्हाई."

"एकच पाकीट उरलंय, एकच नाणं उरलंय," फौजदार शांतपणे म्हणाले. "तुमची कशी नाही?"

"माझीला शेपटीखाली रेघ हाय. हिला न्हाई. ही लई चांगली हाय साहेब. असली ओके पावली माझ्या पेटीत एक बी न्हाई."

सयाजीनं घसा खाकरला. युसुफला वाटलं, संपलं.

टेमगिरे साहेबांनी हळूच आपली टोपी उचलली. टोपीखाली एक पावली होती. त्यांनी ती युसुफपुढे सरकवली. युसुफनं भिंग लावलं. शेपटीखाली, केसाएवढी, आडवी.

"तुमच्या हातात आहे ती माझी," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या चढलेल्या भिवया खाली आल्या. "नोकरीला लागलो तेव्हा वडिलांनी दिली होती. मघाशी माझ्या खिशातल्या पाकिटातून काढून तुमच्या नाण्यांत मिसळली. वितळवणारा माणूस असता तर त्यानं डोळे झाकून आत कोंबली असती." मग जरा थांबून, साध्या कुतूहलानं त्यांनी विचारलं, "खरंच ओके आहे का हो?"

"अगदी ओके साहेब," युसुफ म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "फक्त पाकिटात दुसऱ्या नाण्यांबरूबर ठेवू नका. घासती."

साहेबांनी वहीत चार ओळी लिहिल्या, अण्णासाहेबांची चिठ्ठी आणून द्यायला सांगितलं आणि पेटीवरचं ते 'निकेल' आधी खरवडून काढायचा हुकूम दिला. सयाजीनं स्वतः पेटी उचलून भीमराजच्या सायकलच्या कॅरिअरला बांधली. बाहेर आल्यावर युसुफ भिंतीला धरून खालीच बसला. भीमराज घाबरून म्हणाला, "काय झालं राव? मी बोललो ते बराबर बोललो न्हवं?" युसुफ रडता रडता हसायला लागला. "बराबर बोललास भावा. तू बोललास म्हणून तर सुटलो." भीमराजला हे खरं वाटलं आणि पुढे कितीतरी वर्षं तो ही हकिकत तशीच सांगत असे. युसुफनं ती कधी दुरुस्त केली नाही.

घरी बिल्किस सकाळच्याच जागी बसलेली होती. फडकंही तसंच पसरलेलं. नवऱ्याला दारात बघून ती उठली, त्याचे दोन्ही हात चाचपून पाहिले आणि मगच रडली. मग पाणी दिलं, चहा टाकला, आणि सगळं ऐकून घेतलं. दहाव्या पावलीपर्यंत आल्यावर मात्र ती भडकली.

"अजी, घालायची की त्या पाकिटात! कोण बघणार होतं?"

"मी बघत होतो की," युसुफ म्हणाला.

चुलीवर चहा उतू गेला तरी बिल्किसचं लक्ष नव्हतं. तिनं हात पुढे केला. "दाखवा."

"काय?"

"ती रेघ. जिच्यापायी तुमी तुरुंगात जायला निघाला होता ती."

आठ वर्षांत तिनं पहिल्यांदाच नाणं मागितलं होतं. युसुफनं पाकीट शोधून पावली तिच्या तळहातावर ठेवली, भिंग दिलं आणि ते कसं धरायचं ते दाखवलं. तिनं आधी चुकीचा डोळा मिटला. मग पावली उजेडाकडे नेली, इकडे वळवली, तिकडे वळवली. तिला काही दिसेना. तो सांगायला लागला तशी तिनं त्याला हातानंच थांबवलं. ती बघत राहिली, अगदी श्वास रोखून, आणि मग एकदम तिची मान हलली.

"हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "खरंच हाय हो. एवढीशी."

तिनं भिंग खाली ठेवलं नाही. पदरानं डोळे पुसले, पावली पाकिटात घातली आणि पेटीतून दुसरं पाकीट काढलं. युसुफनं भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि तिला सावकाश बघू दिलं.